जुन्या गाडीतलं प्लॅस्टिक रंगवायचंय? आधी तो तुकडा पालथा करून बघा

प्रश्न असा आहे: गाडी पंधरा-सोळा वर्षांची, इंजिन ठणठणीत, पण आतलं प्लॅस्टिक पार उतरलंय. गिअरभोवतीचा कन्सोल चऱ्यांनी पांढरट झालाय, ड्रायव्हरच्या दारावरची काचेच्या बटणांची पट्टी हाताला चिकटते, डॅशबोर्ड वरून फिका पडलाय. कन्सोलच्या एका तुकड्यावर काळा स्प्रे मारून पाहिला. दिसला झकास, पण दोन महिन्यांत नखाने पापुद्रे निघायला लागले. तर मग टिकणारा रंग कोणत्या कंपनीचा घ्यावा?

नुसती कंपनी बदलून फरक पडणार नाही. तोच कॅन नीट घासलेल्या पत्र्यावर मारला असता तर बहुधा मजेत टिकला असता. त्या तुकड्यावरचा एक पापुद्रा अलगद सोडवा आणि त्याची आतली बाजू उजेडात धरा. ती गुळगुळीत, चकचकीत दिसली तर रंगाने प्लॅस्टिकला कधी धरलंच नव्हतं, नुसता वर पसरून वाळला होता. आतल्या बाजूला पांढुरकी भुकटी चिकटून आली असेल तर रंगाने धरलं होतं, पण उन्हाने जीर्ण झालेला प्लॅस्टिकचा वरचा थरच सुटून निघाला. पहिल्या प्रकारात सफाई किंवा प्रायमर चुकलाय, दुसऱ्यात घासणं कमी पडलंय. माझ्याकडे येणारे तुकडे बहुतेक पहिल्या प्रकारचे असतात.

म्हणून रंग विकत घ्यायच्या आधी तुकडा काढा आणि पालथा करा. मागच्या बाजूला, बऱ्याचदा साच्याच्या तारखेच्या गोल शिक्क्याजवळ, > < अशा दोन कोनी खुणांच्या मध्ये इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात. तिथे एबीएस किंवा पीसी-एबीएस असेल तर निम्मी काळजी मिटली. रंगातलं द्रावक या प्लॅस्टिकच्या पृष्ठभागात किंचित शिरतं आणि रंग धरून बसतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर मात्र खरं काम तिथून सुरू होतं. जुन्या गाड्यांमध्ये दाराचा खालचा भाग, छत पेलणाऱ्या खांबांवरची आवरणं, कन्सोलची अंगं बहुतेक याचीच असतात, कारण ते हलकं आणि स्वस्त पडतं. त्यावर साधा रंग म्हणजे अळवावरचं पाणी. आकड्यांत सांगायचं तर पीपीची पृष्ठऊर्जा 30 मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असते आणि एबीएसची 40 च्या जवळपास. हा दहाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण रंग ओला असताना नीट पसरून बसणार की आक्रसणार, हे त्यावरच ठरतं.

कधीकधी अक्षरांपुढे शेपूट असतं. ‘पीपी-टीडी 20’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमध्ये वजनाने 20 टक्के टाल्कची पूड मिसळलेली. ‘पीपी+ईपीडीएम’ म्हणजे त्यात रबर आहे. दोन्ही रंगाच्या दृष्टीने पीपीच समजायचे. खूण सापडली नाही तर लोक पाण्यात तुकडा टाकून बघायला सांगतात: तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस. शुद्ध पीपीची घनता 0.9 असते म्हणून ते तरंगतं, हे बरोबर. पण 20 टक्के टाल्कवालं पीपी पाण्यापेक्षा किंचित जड होतं आणि एबीएससारखंच बुडतं. त्यामुळे तरंगला तर निकाल पक्का, बुडाला तर काहीच सिद्ध होत नाही. अशा वेळी मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा कोपऱ्यात, कापसाच्या काडीने ॲसिटोनचा एक थेंब लावा. एबीएस क्षणात मऊ आणि चिकट होतं, पीपीला काही होत नाही. आणि तरीही शंका उरली तर पीपी धरूनच पुढे जा. त्यात नुकसान काही नाही.

तुकडे काढताना दोन गोष्टी जपायच्या. एक म्हणजे थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होतं, तेव्हा गाडी आतून कोमट असताना क्लिपा उचकटा, आणि स्क्रूड्रायव्हर न वापरता प्लॅस्टिकची पट्टी वापरा. जुन्या क्लिपा काही तुटणारच, नव्या आधीच आणून ठेवलेल्या बऱ्या. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ज्या आवरणावर एअरबॅगची खूण आहे, त्याला हात लावण्याआधी गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे बॅटरीचं ऋण टोक सोडवा आणि सांगितलेला वेळ थांबा. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्या ओढायच्या नाहीत. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा नियंत्रक नेमका कन्सोलखाली, गाडीच्या तळाच्या उंचवट्यावर बसवलेला असतो. म्हणून इग्निशन चालू ठेवून तिथे ठोकाठोक करू नका. आणि स्टीअरिंगच्या मधलं झाकण किंवा प्रवाशासमोरचा एअरबॅगचा दरवाजा रंगवायचा विचार सोडून द्या. ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटावं म्हणून आतून पातळ केलेलं असतं. वर रंगाचा थर चढवला की ते फाटणं बदलू शकतं, आणि फाटताना रंगाचे टवके तोंडावर उडतात ते वेगळंच.

आता सफाई. या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ इथे जायला हवा. पंधरा वर्षांच्या गाडीत हाताचं तेल, क्रीम, सांडलेला चहा हे तर असतंच, पण सगळ्यात वाईट म्हणजे डॅशबोर्डवर चोळलेलं ‘शाइन’. त्यातल्या बऱ्याच पदार्थांत सिलिकॉनचं तेल असतं. ते प्लॅस्टिकवरच्या बारीक उठावदार दाण्यांच्या खाचांत बसतं आणि रंग पडताच तिथून बाजूला सरकतो. गोल गोल भोकं पडतात, पेंटर त्यांना फिशआय म्हणतात. क्रम महत्त्वाचा आहे: आधी भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन दाण्यांच्या आतपर्यंत घासा, भरपूर पाण्याने धुवा, वाळवा. मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर. तो एका फडक्याने लावायचा आणि ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचा. नुसता लावून उडू दिला तर तेल जागच्या जागी परत बसतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. फडकी सतत बदला. एकाच फडक्याने पूर्ण दार पुसणं म्हणजे तेल इकडून तिकडे नेणं. हे सगळं घासकामाच्या आधी, कारण तेलकट तुकडा घासला की सिलिकॉन नव्या चऱ्यांत ढकललं जातं आणि मग ते काढणं फार अवघड होतं.

स्वच्छ झालं का, हे डोळ्यांना कळत नाही, पाण्याला कळतं. तुकडा तिरपा धरून त्यावर स्वच्छ पाणी सोडा. एबीएसवर घासून झाल्यावर पाण्याचा अखंड पडदा काही क्षण टिकला पाहिजे. एखाद्या जागी तो फाटून थेंब गोळा झाले तर तिथे अजून तेल आहे. पीपीवर पाणी मुळातच फारसं पसरत नाही, तिथे थेंब सगळीकडे सारखे दिसतायत का एवढंच बघायचं. एखादाच पट्टा वेगळा वागला की तो पुन्हा धुवायचा.

घासताना दाणेदार आणि गुळगुळीत पृष्ठभाग वेगळे समजा. दाणेदार भागावर पॉलिश पेपर चालवला की दाण्यांची टोकं सपाट होतात आणि रंगानंतर तिथे टक्कल दिसतं. तिथे करड्या रंगाचा घासायचा पॅड आणि थोडं साबणाचं पाणी पुरे. चमक गेली, पृष्ठभाग एकसारखा मंद दिसला की थांबा. गुळगुळीत भागावर 400 नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून 600 किंवा 800 पर्यंत जा, तेही पाण्यासोबत. पीपी कोरडं घासलं तर पृष्ठभागावर बारीक लव उठते आणि ती रंगाखालून स्पष्ट दिसते. लव उठलीच तर जास्त बारीक पेपर घेऊन, पाणी लावून, दाब न देता फिरवा.

कन्सोलवरच्या चऱ्यांबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. नख अडकत नाही असा चरा तसाच राहू द्या. मॅट रंगाखाली तो जवळजवळ विरतो. खोल चरा भरायचा तर प्लॅस्टिकसाठीची लवचीक पुट्टी लागते, भोवतालचा दाणा जातो, मग तो परत आणायला टेक्श्चरचा स्प्रे, आणि तो मूळ दाण्याशी क्वचितच जुळतो. एका चऱ्याच्या बदल्यात हातभर गुळगुळीत डाग मिळतो. गुळगुळीत पॅनेल असेल तर मात्र पुट्टी जरूर भरा. तडा गेला असेल तर एबीएसचेच बारीक तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी मागच्या बाजूने भरता येते. पीपीच्या तड्याला ती उपयोगाची नाही आणि दोन भागांचं इपॉक्सीही तिथून काही दिवसांत सुटतं. पीपीला प्लॅस्टिक वेल्डिंग किंवा तापवून बसवायच्या तारेच्या पिना हाच उपाय.

चिकट पट्टीचं दुखणं वेगळं आहे. तिथे प्लॅस्टिक खराब झालेलं नाही. त्यावर कारखान्यातून आलेला मऊ स्पर्शाचा पॉलियुरेथेनचा थर उष्णता, ओलावा आणि हाताच्या तेलाने कुजलाय. त्यावर रंग मारणं म्हणजे चिखलावर फरशी घालणं. तो थर मुळापासून काढावा लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं त्यावर अंथरून ठेवा, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. काळा, च्युइंगमसारखा लगदा निघतो. तो फडक्यावर घ्या, पुन्हा भिजवा, पुन्हा खरवडा. चिकाटीचं काम आहे, पण खाली बहुतेक वेळा चांगलं, काळं, गुळगुळीत एबीएस निघतं आणि कित्येकदा ते रंगवायचीही गरज उरत नाही. घाई म्हणून नायट्रोसेल्युलोज थिनर वापरू नका. तो थर निघतो आणि सोबत एबीएसही विरघळतं, पीसी-एबीएसला तर बारीक तडे जातात.

बटणं काढून वेगळी ठेवा. प्रकाश येणाऱ्या बटणांवरची चित्रं बहुतेकदा वरचा काळा थर लेझरने जाळून केलेली असतात, खाली पांढरं, अर्धपारदर्शक प्लॅस्टिक असतं. तो काळा थर अल्कोहोलने पुसला गेला की चित्रही गेलं आणि बटण पूर्ण पांढरं उजळायला लागतं. आधी कडेला तपासा, थर हलतोय असं दिसलं तर थांबा आणि बदली बटणं शोधा.

पीपीसाठी लागतो तो ‘अडहेशन प्रमोटर’, म्हणजे रंगाआधी मारायचा, रंग धरून ठेवणारा थर. बंपर रंगवणारे हेच वापरतात, कारण बंपरही पीपीच्याच कुळातला. त्यात बहुधा क्लोरिनेटेड पॉलिओलेफिन असतं: रेणूचा एक भाग पीपीसारखाच असल्यामुळे पीपीशी जमतो, क्लोरीन असलेला भाग रंगाशी. याचे एक किंवा दोन अगदी विरळ हात, जवळजवळ दिसू नयेत इतके. जाड मारला तर तो थरच मधून फाटतो आणि रंग चादरीसारखा सोलून येतो. कॅनवर रंगाचा पहिला हात कधी द्यायचा ते लिहिलेलं असतं, काहींमध्ये दहा मिनिटांनी, काहींमध्ये अर्ध्या तासाच्या आत. ती वेळ टळली तर प्रमोटर पुन्हा मारावा लागतो. दुपारी प्रमोटर आणि संध्याकाळी रंग असं चालत नाही. एबीएसला प्रमोटरची गरज नाही, प्लॅस्टिक प्रायमर किंवा नीट घासलेला पृष्ठभाग पुरतो.

रंग कोणता? आतल्या भागांसाठी लवचीक, मॅट इंटिरिअर रंग किंवा व्हिनाइलसाठीचा रंग घ्या. मऊ, दाबलं जाणारं पीव्हीसीचं (व्हिनाइलचं) आवरण असेल तर व्हिनाइलच्या रंगाशिवाय दुसरं काही वापरूच नका. त्यातलं प्लॅस्टिसायझर हळूहळू वर येतं आणि साधा ॲक्रिलिक रंग काही महिन्यांत चिकट होतो. हार्डनर घालायचा टू-के रंग सगळ्यात टणक, हे खरं. पण त्यात आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो, आणि बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय तो फवारू नये. घरच्या घरी करायचं असेल तर वन-केवर, म्हणजे हार्डनर न लागणाऱ्या रंगावर, समाधान माना. त्यालाही सेंद्रिय वाफांच्या कार्ट्रिजचा मास्क आणि वाहती हवा लागतेच, कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ नाही.

छटेपेक्षा चमक जुळवणं जास्त महत्त्वाचं आहे, आणि इथेच बहुतेकांचं लक्ष चुकतं. काळा थोडा उजळ किंवा निळसर झाला तर चटकन कळत नाही, पण मूळ दाणेदार प्लॅस्टिकच्या शेजारी सेमी-ग्लॉस तुकडा बसवला की गाडीत शिरणारा पहिला माणूस विचारतो, हे काय रंगवलंत का? ‘सॅटिन’ लिहिलेले कॅनही बऱ्याच गाड्यांच्या मानाने जास्त चमकतात. आधी टाकाऊ तुकड्यावर मारा, पूर्ण वाळू द्या, मग शेजारी धरून दिवसाच्या उजेडात आणि गाडीच्या दिव्यात, दोन्हीकडे बघा. करड्या आणि बेज रंगांत तर दोन उजेडांत दोन छटा दिसतात. शिवाय उन्हाने उतरलेल्या शेजारच्या तुकड्याशी जुळवायचं की सीटखाली लपलेल्या मूळ रंगाशी, हा पेच सोडवायला सोपा मार्ग एकच: एकमेकांना लागून असलेले सगळे तुकडे एकाच दिवशी, एकाच बॅचच्या कॅनमधून रंगवा.

फवारताना हवा कोरडी आणि 20 ते 25 अंशांची असावी. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. कॅन दोन मिनिटं पुरती हलवा, गार असेल तर कोमट पाण्यात ठेवा, गरम पाण्यात कधीच नाही. अंतर 20 ते 25 सेंटिमीटर. फवारा तुकड्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, प्रत्येक पट्टा आधीच्याच्या अर्ध्यावर. पहिला हात इतका विरळ की खालचा रंग दिसत राहावा. तो बघून जीव खालीवर होतो आणि बोट पुन्हा दाबलं जातं, तिथेच ओघळ येतो. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. तीन-चार विरळ हातांत झाकलं जातं आणि दाणाही भरून जात नाही. हातांमधला वेळ कॅनवरचाच पाळा: कित्येक रंगांना एका तासाच्या आत पुढचा हात चालतो किंवा मग थेट दोन दिवसांनी, मधल्या वेळेत मारला तर खालचा थर सुरकुततो. फिशआय दिसले तर त्यावर आणखी रंग ओतू नका. वाळू द्या, घासा, पुन्हा पुसा आणि दुरून, धुक्यासारखे दोन हात द्या.

अर्ध्या तासात बोट लागत नाही, दुसऱ्या दिवशी उचलता येतं, पण पूर्ण कडक व्हायला आठवडा द्या. तोवर तुकडा गाडीत बसवू नका. बंद गाडीत उन्हात डॅशबोर्ड 70 अंशांच्या आसपास सहज तापतो आणि अर्धवट वाळलेल्या रंगाचा वास कितीतरी दिवस जात नाही. आठवड्यानंतर मागे दुमडलेल्या कडेवर ब्लेडने जाळीसारखे चरे पाडून चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्याने ओढा. चौकोन जागेवर राहिले तर बसवा.

डॅशबोर्डचा वरचा भाग मी रंगवणार नाही. तो काढायचा म्हणजे निम्मी गाडी खोलायची, बऱ्याच गाड्यांत तिथे एअरबॅगचा दरवाजा असतो, आणि मॅटमध्ये जराशी चूक झाली तर समोरच्या काचेत उलटा उजेड पडून गाडी चालवताना त्रास होतो. नीट धुवा, सिलिकॉन नसलेलं, अतिनील किरणांपासून जपणारं द्रव्य लावा आणि सोडून द्या. दाराचं हँडल, गिअरची मूठ, स्टीअरिंगची कड यांवरही वन-के रंग फार टिकत नाही, रोजचा हात तो खातोच. ते बदलून टाका किंवा मढवून घ्या.

राहिला तो पापुद्रे सुटलेला तुकडा. त्यावरूनच सुरुवात करा, कारण तो आधीच बिघडलाय आणि सरावाला तोच बरा. चिकटपट्टी दाबून ओढा, सुटेल तेवढा रंग सुटू द्या. उरलेला अल्कोहोल आणि पॅडने काढा. न सुटणारे ठिपके राहिले तर 600 च्या पेपरने कडा पुसट करा, नाहीतर नव्या रंगाखाली त्यांची पायरी दिसते. मग साबणापासून सगळं पुन्हा.